मेंढराला नसलेलं हाड

१ जुलै २०२४, सोमवार. सातारा

फौजेत असताना रोज ड्यूटी डायरी लिहायचो. पेन्शनीत आल्यावर ती सवय गेली आणि माणूस किती सैल पडतो ते कळलं. आजपासून पुन्हा लिहायची, कारण आजपासून पुन्हा ड्यूटी आहे.

इथल्या एका फिजिओथेरपी कॉलेजात, शरीररचनेच्या विभागात मदतनीस म्हणून रुजू झालो. मेडिकल कोरमध्ये सव्वीस वर्षं नर्सिंग असिस्टंट म्हणून काढली, नायब सुभेदार होऊन बाहेर पडलो, आणि आता काम काय, तर हाडं पुसायची. हरणाला सांगितलं तर बायको म्हणून चार कौतुकाचे शब्द बोलायचे सोडून म्हणते, "आवं, घरातलं एक कपाट कवा पुसलं न्हाई तुमी."

विभागप्रमुख डॉ. कीर्ती मॅडम सांगलीच्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण दमात घ्यायला लागल्या की आमचे कर्नलसाहेब आठवतात. दिवस मावळायच्या आत जेवतात, म्हणून साडेपाचच्या ठोक्याला विभागाला कुलूप. पहिल्याच दिवशी काम सोपवलं. जानेवारीत लोकांसाठी प्रदर्शन भरवायचंय. प्रत्येक हाडाला, सांध्याला, मोठ्या स्नायूंना मराठी नावाची पट्टी हवी. म्हणाल्या, "मामा, पुस्तकातले शब्द नकोत. तुमच्या वडिलांना कळतील असे हवेत."

यांना माझे वडील माहीत नाहीत. आबांना कळणार नाही असं हाड अजून कुठल्या जनावराला फुटलेलं नाही.

१४ जुलै, रविवार

पट्ट्या लिहायला बसलो. मोठ्या माणसात दोनशे सहा हाडं. कवटी, जबडा, मणका, बरगडी, फरा, कोपर, मनगट, खुबा, गुडघ्याची वाटी, नडगी, घोटा, टाच. शब्द सुचवावे लागत नाहीत, आबांच्या आवाजात कानात येतात.

आमची वाडी जतच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या शिवेवर. आबा मेंढरांची मोडलेली हाडं बसवायचे. पंचक्रोशीतून लोक मेंढरं खांद्यावर टाकून आणायचे. मेलेल्या मेंढराची हाडं ओढ्यात धुऊन, छपरावर वाळवून आबांनी एक पोतं भरून ठेवलं होतं. दुपारी कामं आटपली की घोंगडं अंथरायचं, त्याखाली चार हाडं ठेवायची आणि मला म्हणायचं, "हात घाल, आन् सांग." बघायचं नाही. "मोडल्यालं हाड आत असतंय रं. डोळा तितं जात न्हाई. हातानं बघाय शीक." बरोबर सांगितलं तर गुळाचा खडा, चुकलं तर डोक्यात टप्पल. फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, डावा की उजवा हेसुद्धा ओळखायला लागलो तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. तो गूळ आजही तोंडात येतो.

पुढं फौजेत ट्रेनिंगला कळलं की आमच्या मेंढराच्या पुढच्या पायाचा गुडघा हा गुडघाच नव्हे, ते त्याचं मनगट. रजेवर आल्यावर आबांना सांगितलं. ते दिवसभर मेंढरांच्या मनगटांकडं बघत बसले. संध्याकाळी म्हणाले, "म्हंजे ती बिचारी जलमभर हातावर चालत्यात." त्यांना त्याचं वाईटच वाटलं होतं.

आणखी एक. ट्रेनिंगला उस्तादानं सगळ्यांसमोर हातात एक हाड दिलं, वाकडं, वीतभरापेक्षा जरा लहान. मी चाचपून म्हणालो, "साहब, ये हड्डी होतीच नही." सगळा वर्ग हसला. ते गळ्याखालचं हासळीचं हाड. मेंढराला ते नसतंच, त्याचा पुढचा पाय धडाला नुसत्या मांसानं जोडलेला असतो. घोंगड्याखाली कधी ते हाड आलंच नव्हतं. वर्षभर पोरं मला 'भेड' म्हणत होती.

२३ जुलै, मंगळवार

दुपारी आईचा फोन. "नाना, तुजा बा सकाळी बांधावनं पडला. ब्याऐंशी वर्सं झाली, आन् शेरडाच्या मागं धावतुया."

मग आबांनीच फोन घेतला. "काय न्हाई रं. खांद्याच्या म्होरं कट्ट करून वाजलं. जतला जाऊन फोटू काढला. हासळीचं हाड मोडलंय म्हनला डाक्टर. झोळी दिलीया, तीन आठवड्यानं दावा म्हनला."

सगळं रीतसर विचारलं. बोटं हलतात का, मुंग्या येतात का, कातडी फाटलीय का, श्वास घेताना कळ येते का. सगळं ठीक. उजवी बाजू, एवढंच वाईट. म्हटलं, "आबा, मला काय विचारता? तुमी आयुष्यभर हाडं बसवली."

"मेंढराची. मेंढराला ह्ये हाड न्हाई. ह्यातलं मला काय कळत न्हाई, तुला कळतंय. तू सांग."

खोटं कशाला लिहू, छाती फुगली. आबांनी मला हाडाबद्दल विचारायची ही पहिलीच वेळ. म्हटलं, "झोळीतनं हात काढायचा न्हाई. मी रविवारी येतो. मी येईस्तोवर अजिबात हलवू नगा."

"बरं," म्हणाले.

फोन ठेवून खुब्याच्या हाडांचा ट्रे पुसून काढला. त्यांच्या खाचांत धूळ लय बसते.

२८ जुलै, रविवार

जाणं झालं नाही. कॉलेजची तपासणी आली, मॅडमनी सगळ्यांची सुट्टी रद्द केली. आबांना फोन केला, पुढच्या रविवारी नक्की. "तुजं काम सांबाळून ये," म्हणाले.

११ ऑगस्ट, रविवार

आज हासळीच्या हाडाची पट्टी लिहिली. मॅडमनी सांगितलेलं एक टिपून ठेवतो. आईच्या पोटात सगळ्यांत आधी टणक व्हायला लागतात त्यांत हे हाड पहिलं, आणि पुरतं पक्कं व्हायला सगळ्यांत जास्त वर्षं तेच घेतं, पंचविशीच्या आसपास. एक टोक छातीच्या हाडाला, दुसरं फऱ्याला. खांद्याला अंगापासून लांब धरून ठेवतं, म्हणून तर माणसाला हात बाजूला काढता येतो, डोक्यावर नेता येतो.

आबांना फोन केला. "दुखतंय का?" "न्हाई." "झोळी हाय न्हवं?" "हाय की. तू कवा येतूस?" "आता बघतो, येतोच." "बरं."

आबा शहाण्यासारखं वागतायत याचं नवल वाटलं. लेबलं एकशे दहा झाली.

२५ ऑगस्ट, रविवार

भाजी घेऊन येताना हायवेच्या कडेला मेंढरांचा कळप दिसला. एक बाई छत्री धरून उभी, मेंढरं अंग चोरून बसलेली. ओल्या लोकरीचा तो वास! गाडी बाजूला लावून पंधरा मिनिटं नुसता उभा राहिलो. भाजी भिजली म्हणून हरणा बोलली ते वेगळंच.

सत्याहत्तर साल असावं. आमची मेंढरं मिरजेच्या बाजूला कृष्णाकाठी उतरली होती, लोकांच्या रानात खतासाठी बसवायला. मी नऊ वर्षांचा. आबा सकाळी एका मळेवाल्याला भेटायला ओढ्यापलीकडं निघाले आणि मला म्हणाले, "मी येईस्तोवर हलू नगं."

आमच्यात हे नुसतं बोलणं नव्हे. तेव्हा फोन कुठले? ज्याला थांब म्हटलं तो जागचा हलला, की दुसऱ्यानं त्याला हुडकायचं कुठं? कळप चुकला म्हणजे घर बुडालं. त्यामुळं चारा संपो, पाऊस येवो, रानाचा मालक शिव्या देवो, सांगणारा परत येईपर्यंत तिथंच. लहान-थोर सगळ्यांना हा एकच कायदा. स्वतःपेक्षा वयानं मोठ्या म्हाताऱ्यालाही आबांनी असं बसवून ठेवलेलं मी पाहिलंय आणि आबाही दुसऱ्याच्या शब्दावर असे बसलेत.

ओढ्याला पाणी आलं आणि आबा अडकले. मी बसून. मालक काठी घेऊन आला, मी रडलो, पण हललो नाही. दिवेलागणीला आबा आले. खाली बसले, माझ्या पोटऱ्या चाचपल्या. "गोळा आलाय," म्हणाले आणि अंगठ्यानं दाबून दाबून गोळा मोडला. पुढं छातीवर मेडल लागलं तेव्हाही मला एवढं भारी वाटलं नाही.

आता खिशाखिशात मोबाइल. असलं आता कोण पाळतंय.

८ सप्टेंबर, रविवार

गणपती बसले. आईचा फोन, आवाज बारीक करून. "तुजा बा लय हट्टी झालाय. झोळी सोडंना. जेवाय डाव्या हातानं. म्या म्हनलं सोडा, तर माज्यावरच डोळं वटारतुया."

म्हटलं, "दुखत असंल. सोडतील." डॉक्टरला दाखवलं का विचारायचं राहून गेलं. इकडं वर्ग सुरू झालेत. मुलांना दंडाचे स्नायू दाखवायचे होते. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही, म्हणून ते जोडीनं असतात. पुढचा आखडला की कोपर वाकतं, मागचा आखडला की सरळ होतं. एकानं काम करायचं तर दुसऱ्यानं सैल सोडायला लागतं. हरणाला सांगितलं तर म्हणाली, आपल्या घरात दोन्ही आखडल्यालेच.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा. गावी

राग अजून गेलेला नाही, तरी लिहितो.

शेवटी आज आलो. आबा ओट्यावर बसलेले. दसऱ्याच्या दिवशी उघड्या डोक्यानं! जन्मात मी आबांना पटक्याशिवाय दिवसा बघितलेलं नाही. डोक्यावर तांबडा पटका नाही, खांद्यावर फक्त टॉवेल, आणि गळ्यात तीच झोळी, मळून काळी झालेली. मोजले, एक्क्याऐंशी दिवस.

मला बघून तोंडभर हसले. "आलास? आता सोड," म्हणून खांदा पुढं केला. मी झोळी सोडली. हात वर उचलायला सांगितला तर छातीएवढाही येईना, त्याच्याबरोबर सगळा फरा वर चढायला लागला. खांद्याचा सांधा म्हणजे उखळात मुसळ, शरीरात सगळ्यांत मोकळा फिरणारा. तो असा लाकूड करून ठेवलेला.

माझं डोकं फिरलं. सगळ्या भावकीसमोर बोललो. "तीन आठवड्यांची झोळी तीन महिने! मेंढरू हाय का ह्ये, वाघरीच्या जाळीत कोंडून ठिवायला? अडाणी ते अडाणीच राह्यलासा!" आबा डावा हात उजव्या खांद्यावर ठेवून बसले. आई काहीतरी म्हणणार होती, आबांनी नुसतं तिच्याकडं बघितलं आणि ती आत गेली.

पटका का नाही, ते जेवताना आईनं सांगितलं. बांधायला दोन्ही हात डोक्यावर न्यावे लागतात. चुलत्यानं बांधून देतो म्हटलं तर आबा म्हणाले, "दुसऱ्यानं पटका दोनदाच बांधायचा. लगनात, आन् मेल्यावर." तेव्हापासून देवळात नाही, चावडीवर नाही, ओट्याच्या खाली पाय नाही. चैत्रात बिरोबाची जत्रा. चाळीस वर्षं पालखीपुढं पहिला मान आबांचा. उघड्या डोक्यानं ते तिथं जाणार नाहीत.

उद्या साताऱ्याला घेऊन जातो.

१५ ऑक्टोबर, मंगळवार. सातारा

मॅडमनी तपासलं. हाड छान जुळलंय, पण सांध्याभोवतीची पिशवी आकसून घट्ट झालीय. हात साठ अंशांपर्यंत जेमतेम. पटका बांधायला दीडशे तरी लागतात. मी चैत्राचं सांगितलं. म्हणाल्या, "सहा महिने रोज केलं तर बघू. वयही आहे. शब्द देत नाही."

मग आबांना विचारलं, "आजोबा, इतके दिवस झोळी का ठेवली?"

आबांनी माझ्याकडं बघितलं, मग खिडकीबाहेर. "चुकलं," म्हणाले.

"अडाणीपणा, मॅडम, दुसरं काय," मी म्हणालो.

१० नोव्हेंबर, रविवार

आबांची कवायत. सकाळी ओणवं होऊन हातात पाण्याचा तांब्या धरायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. मग भिंतीला तोंड करून बोटांनी वर वर चढायचं, आणि पोचेल तिथं मी पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहायची. दुपारी अंगणातल्या कप्पीला दोर लावलाय. डाव्या हातानं खाली ओढलं की उजवा वर जातो. दुखतं, कपाळावर घाम येतो, पण तोंडातून शब्द नाही. नव्या रंगवलेल्या भिंतीवर रेघा बघून हरणा काही बोलली नाही. उलट मला म्हणाली, "मामंजीस्नी जरा हळू घ्या. तुमी लय कडू बोलता." मी म्हटलं, तुला यातलं काय कळतंय.

रेघा महिन्यात चार बोटं चढल्या.

४ डिसेंबर, बुधवार

आबा घरी कंटाळतात म्हणून विभागात घेऊन गेलो. सांगाड्यासमोर उभे राहिले, हात जोडले. मग डाव्या हातानं वरून खाली चाचपत गेले. बरगड्यांपाशी थांबले. परत मोजल्या. "नाना, बाराच हायत. एक कुटं ग्येली?"

"माणसाला बाराच जोड्या, आबा. मेंढराला तेरा."

"आन् मान?"

"मानंत दोघांस्नी सातच मणके."

"तेवडं तरी सारकं ठिवलंय," म्हणून समाधान पावले.

मुलांना मजा वाटली. मॅडमनी चादरीखाली दहा हाडं ठेवली आणि आबांना ओळखायला सांगितलं. नऊ बरोबर. नडगी डावी की उजवी तेही सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दहावं हाड मात्र आबा उलटसुलट करून चाचपत राहिले. वाकडं, वीतभरापेक्षा जरा लहान.

"ह्येच व्हय ते?" म्हणाले. मग ते स्वतःच्या गळ्याखाली लावून बघितलं, जिथं जुळल्याची गाठ आहे तिथं. "नसतं तर बरं झालं असतं."

मॅडम म्हणाल्या, "मग हात डोक्यावर गेला नसता, आजोबा. मेंढराचा जातो का?"

आबा हसले. गुळाचा खडा द्यावासा वाटला. खिशात नव्हता.

१९ जानेवारी २०२५, रविवार

प्रदर्शन झालं. चारशे माणसं. पट्ट्या वाचून म्हातारीकोतारी आपापले गुडघे, खुबे दाबून बघत होती. आबा बिजागरीच्या सांध्यापाशी खुर्ची टाकून बसले होते आणि कोपर म्हणजे दाराची बिजागरी कशी, ते येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचं दार उघडून-मिटून दाखवत होते. डोक्याला मफलर. लोकांना वाटलं थंडीमुळं.

पण रेघ कानाच्या पाळीपाशी अडकलीय. तीन आठवडे तिथंच. रेघेवर रेघ मारतोय, भिंतीवर नुसता काळा पट्टा झालाय. आबा म्हणाले, "पुरं आता. गावी सोड मला. जत्रा हुईल माज्याबिगर." मी ओरडलो, म्हटलं चूक तुमची आणि आता हारही तुम्हीच मानताय.

९ फेब्रुवारी, रविवार

आज काय लिहू.

मॅडमना केसपेपरसाठी पडल्याची नेमकी तारीख हवी होती. ही वही काढली, जुलैचं पान उघडलं. २३ जुलै. माझंच अक्षर. 'मी रविवारी येतो. मी येईस्तोवर अजिबात हलवू नगा.' आणि खाली आबांचं 'बरं'.

दोन पानं पुढं गेलो. 'झोळी हाय न्हवं?' 'हाय की. तू कवा येतूस?' आणखी दोन पानं. कृष्णाकाठ, मेंढरं, मालकाची काठी, पोटऱ्या. शेवटी मीच लिहिलंय, आता असलं कोण पाळतंय.

वही मिटली, परत उघडली. जुलैचा रविवार, ऑगस्टचे चार, सप्टेंबरचे पाच, ऑक्टोबरचा एक. आई सोडा म्हणत होती. डॉक्टरनं तीन आठवडे सांगितले होते. ज्या माणसानं हजार मेंढरांच्या पट्ट्या बांधल्या आणि वेळेवर सोडल्या, त्याला किती दिवस बांधायचं हे कळत नव्हतं? पण मेंढराला नसलेलं हाड होतं, आणि ज्याला कळतं अशा लेकानं सांगितलं होतं, मी येईस्तोवर. आणि मी भावकीसमोर अडाणी म्हणालो. मॅडमसमोरही म्हणालो.

आबा अंगणात कप्पीजवळ बसले होते. गेलो आणि पुढ्यात खाली बसलो. "आबा, मी हलवू नगा म्हनलो हुतो."

"व्हय."

"मग सांगितलं का न्हाई? मी येवडं बोललो तुमाला."

"सांगायचं काय त्यात?" दोर हातात घेऊन म्हणाले. "तू यायचा हुतास. उशीर झाला असंल. मलाबी झाला हुता की, वड्याला पानी आलं तवा."

मला रडू आवरेना. छप्पन्न वर्षांचा माणूस, अंगणात, हरणा दारातून बघत असताना. माझ्या ओढ्याला कुठलं पाणी आलं होतं? कॉलेजची तपासणी, एकशे दहा पट्ट्या, हाडं पुसणं. म्हटलं, "माझं चुकलं, आबा. लय चुकलं." त्यांनी डाव्या हातानं माझ्या डोक्यात एक टप्पल मारली, लहानपणी मारायचे तशी, आणि म्हणाले, "दोर धर."

हरणाला विचारलं, तुला ठाऊक होतं? म्हणाली, "दिवाळीतच सांगितलं मामंजींनी. तुमास्नी सांगू नगंस म्हनले."

२ मार्च, रविवार

तीन आठवडे झाले, मीही त्यांच्याबरोबर करतो. शेजारी ओणवं होतो, दुसरा तांब्या घेऊन. ओरडत नाही. कवायतीच्या आधी गरम पाण्याच्या पिशवीनं खांदा शेकतो, मग हळूहळू हात वर नेतो, जिथं अडतो तिथं थांबतो आणि श्वास सोडायची वाट बघतो. डोळे मिटून, हातानं. अडतो तिथं आत काहीतरी जाड लागतं आणि कधी कधी ते अंगुळभर सैल होतं.

रेघ पाळीच्या वर तीन बोटं.

३० मार्च, रविवार. पाडवा

भुवईच्या वर. मॅडमनी मोजलं, एकशे वीस. म्हणाल्या, यापुढं किती सुटेल सांगता येत नाही. हात तिथं फार वेळ टिकतही नाही, स्नायू वाळलेत, दहा-वीस सेकंदांत थरथरून खाली येतो. डोक्याच्या मागं जात नाही.

घरी येताना रिक्षात आबा म्हणाले, "डोस्कं खाली घेतलं तर?" मला आधी कळलं नाही. त्यांनी मान वाकवून दाखवली, हनुवटी छातीला, आणि हात वर नेला. बोटं शेंडीपर्यंत पोचली.

"सात मणके हायत न्हवं," म्हणाले.

१३ एप्रिल, रविवार. गावी. जत्रा

सकाळीच ढोल सुरू झाले. आईनं पेटीतून तांबडा पटका काढला, झटकला, कापराचा वास सुटला. आबा ओसरीच्या मधोमध पाटावर बसले. पूर्वी पटक्याचं लांबचं टोक ते दाराच्या खुंटीला अडकवायचे आणि ताण देत गुंडाळत जायचे. आज म्हणाले, "नाना, टोक धर."

मी दारापाशी गेलो, टोक धरलं आणि मग मनात आलं ते विचारलं. "आबा, मी धरलेलं चालतंय? दुसऱ्यानं..."

"धराय मानूस कवाबी लागतंय. बांधतुया मीच." डावीकडून पहिला वेढा घेतला, मान वाकवली, उजवा हात वर गेला. "ताण सोडू नगं. मी सांगस्तोवर हलू नगं."

एक वेढा. दुसरा. तिसऱ्याला हात खाली आला. आबांनी तो मांडीवर ठेवला, डाव्या हातानं डोक्यावरचा वेढा दाबून धरला आणि दम खात बसले. मी टोक ताणून उभा. पुन्हा हात वर, पुन्हा एक वेढा, पुन्हा खाली. दारात भावकी जमली. पुजारी येऊन गेला, "आवं आबा, पालखी खोळंबलीया." चुलते पुढं आले, "बाजूला हो नाना, मी दोन मिंटात गुंडाळतो." मी म्हटलं, "हात लावू नगा, काका." ते चिडून गेले. ढोल थांबले, पुन्हा सुरू झाले. माझे दंड भरून आले, पोटऱ्यांत गोळे यायला लागले. आबा दम खात होते, मान वाकवत होते, वेढा घेत होते. प्रत्येक वेढ्याला पटका आखूड होत होता आणि मी त्यांच्याकडं पाऊल-पाऊल ओढला जात होतो, ते खुणावतील तेवढंच.

तासाभरानं मी पाटाला पाय लागेपर्यंत आलो होतो. शेवटची वीतभर तेवढी माझ्या मुठीत. आबांनी वाकवलेली मान वर केली, माझ्या हातातून टोक घेतलं आणि स्वतः खोवलं. पटका जरा डावीकडं कलला होता. 

मग उठायच्या आधी त्यांनी खाली हात घालून माझी पोटरी चाचपली.

"गोळा आलाय," म्हणाले. "आता हल."